फोटोवाले नाना

स्मरणिकेत शिक्षकांविषयी लिहिणारे बरेच जण असतील, म्हणून मी फोटोवाल्या नानांवर लिहितो. दहावीच्या निरोपसमारंभाला ते ठाणे-बेलापूर रस्त्याने सायकलला स्टँड बांधून, गळ्यात यशिका अडकवून यायचे. एकशेवीसच्या रोलमध्ये फोटो बारा, तेव्हा एका वर्गाला दोनच. उंच पोरं मागे बाकावर, सर-बाई मधे खुर्च्यांवर. ‘ए पोरा, डोले उघरे ठेव!’ असं नाना ओरडले की हेडसरही ताठ बसायचे.

हा माणूस पुढे राजकारणात गेला, याचं बाहेरच्यांना नवल वाटलं. आम्हाला वाटलं नाही. नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको 1970 साली आली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या 95 गावांच्या जमिनींवर संपादन आलं. त्यामागून घरोघरी कागद आले. मावेजा, वारस दाखला, पुढे साडेबारा टक्क्यांचे, म्हणजे गेलेल्या जमिनीच्या बदल्यात तेवढा विकसित भूखंड परत मिळण्याचे अर्ज. फोटो सगळ्यांनाच लागायचा. फोटोला आलेली म्हातारी पदरातला कागदही नानांपुढे धरायची. नाना वाचून दाखवायचे, अर्ज भरायचे, फोटो डकवायचे, अंगठा कुठे ते सांगायचे. पैसे फक्त फोटोचे. कुठला सातबारा कोणत्या भावाच्या नावावर आहे, कुठली लेक सासरी गेल्यावर वारसांतून गळली, हे त्यांना तोंडपाठ असायचं.

जानेवारी 1984 मध्ये शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जमिनींच्या मोबदल्यासाठी झालेल्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. त्यानंतर नाना सभांना नुसता कॅमेरा घेऊन जाईनात, बोलायलाही लागले. बोलायचे वाईटच, खरं सांगायचं तर. तरी ग्रामपंचायतीत निवडून आले. सरपंच होणार असं गाव धरून चाललं होतं, तेवढ्यात 1 जानेवारी 1992 ला नवी मुंबई महापालिका आली आणि ग्रामपंचायतच गेली! 1995 च्या पहिल्या पालिका निवडणुकीत नगरसेवक झाले. मग पक्षाने विधानसभेचं तिकीट दिलं. आपटले. गावठाणांतून मतं भरभरून पडली, पण वाशी-नेरूळच्या सोसायट्यांत त्यांना ओळखणार कोण? त्यांचं सगळं राजकारण ओळखीवर उभं, आणि मतदारसंघ ओळखीच्या पलीकडे पसरलेला.

पक्षाने त्यांना प्रदेश कार्यकारिणीवर घेतलं. पद शोभेचं, असं तिथल्या काहींना वाटलं असेल. नाना मात्र गावकऱ्यांनी कुटुंब वाढल्यावर गरजेपोटी, परवानगीशिवाय बांधलेल्या घरांचा प्रश्न घेऊन मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवत राहिले. एकदा निवेदन शुद्धलेखनाला माझ्याकडे आणलं. ‘वेलांट्या तू बघ, मजकुराला हात लावू नको.’ सोबत जाडजूड पुडकं होतं. गावातल्या घरांचे फोटो, स्वतः काढलेले, आणि प्रत्येकामागे पेन्सिलीने घरवाल्याचं नाव, घरपट्टीचा नंबर, कुटुंबातली माणसं. मी म्हटलं, ‘नाना, मंत्री एवढं कुठे उलटून बघणार?’ त्यावर त्यांनी पुडकं माझ्या हातातून काढून घेतलं आणि एकेक फोटोची पाठ मला वाचून दाखवायला लागले.