आमची वाटचाल : तार, उंची आणि अर्थिंग

सांगलीचे आकाशवाणी केंद्र 1963 मध्ये सुरू झाले आणि कोल्हापूर परिसरात रेडिओची मागणी वाढली. त्या काळी लोक पोस्टातून परवाना काढत, सेट घरी नेत आणि खरखर ऐकून एरियलसाठी कोणाला तरी गाठत. माझे वडील अण्णा आणि त्यांचे भागीदार मिस्त्रीकाका यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस शाहूपुरीत जागा भाड्याने घेतली ती याच कामासाठी. सेटची दुरुस्ती इतरही करत होते. घराची दिशा, जमीन आणि आसपासच्या विजेच्या तारा पाहून एरियल बांधणारे मात्र आम्हीच होतो, हे मी आजही अभिमानाने सांगतो.

मिस्त्रीकाकांचे काम ज्यांनी पाहिले, त्यांना सांधा म्हणजे काय ते कळले. सात पदरी तांब्याची तार चाकूने लालसर चमक येईपर्यंत खरवडायची, पदर घट्ट पिळायचे, राळेचेच सोल्डर वापरायचे आणि ते पदरांच्या आत उतरेपर्यंत सोल्डरिंग आयर्न हलवायचे नाही, असा त्यांचा दंडक होता. आम्लाची पेस्ट त्यांनी दुकानात कधी येऊ दिली नाही, कारण अशा सांध्यावर एका पावसाळ्यात हिरवा थर चढतो आणि आवाज तुटू लागतो. चिनी मातीचे अंडाकृती इन्सुलेटर ते अशा रीतीने ओवत की दोन्ही तारांचे फास एकमेकांत अडकलेले राहत. इन्सुलेटर फुटला तरी एरियल खाली पडत नसे. बांबू, ताणाच्या तारा आणि पक्कड एवढ्या सामानावर त्यांनी पन्हाळ्यापासून शिरोळपर्यंत घरे जोडली.

पुढे दूरदर्शनचे एरियल आले, धंदा वाढला, अण्णा थकले आणि दुकान माझ्याकडे आले.

त्यानंतर जे घडले ते लिहिल्याशिवाय ही वाटचाल पुरी होणार नाही. आमच्याच कार्यशाळेत मिस्त्रीकाकांच्या हाताखाली सोल्डरिंग शिकलेल्या एका कारागिराने लक्ष्मीपुरीत स्वतंत्र दुकान काढले. याबद्दल माझी तक्रार नाही. शिकलेल्या माणसाने पोट भरावे. तक्रार आहे ती त्याने विकलेल्या डबीबद्दल. “बांबू नको, तार नको, अर्थिंग नको, डबी लावा आणि मुंबई ऐका,” अशी त्याची जाहिरात होती, आणि तो प्रात्यक्षिक नेहमी रात्री आठनंतर दाखवत असे. मध्यम लहरी दिवसा जमिनीलगत येतात आणि अंतराबरोबर क्षीण होतात. सूर्य मावळला की त्याच लहरी वरच्या वातावरणातील थरावरून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटरवर उतरतात. मुंबईचे 1044 किलोहर्ट्झ रात्री कोल्हापुरात साध्या सेटवरही सापडते. श्रेय डबीचे नव्हते, रात्रीचे होते. डबीमध्ये होता तो अँप्लिफायर, आणि अँप्लिफायर केंद्राच्या आवाजाबरोबर खरखरही तेवढीच वाढवतो.

लोकांनी आमचे बांबू उतरवले, तांबे भंगारात घातले, आणि डबी बिघडली तर ती दुरुस्तीसाठी आमच्याकडेच आणली. तांब्याच्या तारेच्या व्यापाऱ्याने उधारी थांबवली, दोन कामगारांना निरोप द्यावा लागला, आणि जागेच्या मालकाकडे मी मुदत मागत होतो. गावातील काही व्यावसायिक, जे अण्णांच्या शब्दाला मान देत, ते त्या काळात आमच्या दुकानावरून नजर चुकवून जात, हे मी विसरलेलो नाही.

या काळात गगनबावडा परिसरातील एक निवृत्त गुरुजी आमच्या पाठीशी उभे राहिले. त्यांच्याकडे जांभ्याचा माळ होता. उन्हाळ्यात जांभा कोरडा पडला की साधा अर्थिंगचा रॉड निरुपयोगी ठरतो, म्हणून मिस्त्रीकाकांनी तिथे खड्ड्यात कोळसा आणि मीठ भरून तांब्याची पट्टी गाडली होती आणि वरून एक लांब तार जमिनीत फिरवली होती. त्या कारागिराला गुरुजींनी निरोप पाठवला : डबी घेऊन भर दुपारी बारा वाजता शाळेच्या पडवीत यावे. तो आला. एका सेटला डबी, दुसऱ्याला आमची तार आणि अर्थिंग. सांगलीचे 1251 किलोहर्ट्झ आमच्या सेटवर शब्दन् शब्द स्वच्छ आले. डबीवर पडवीत बसलेल्या मंडळींना शेतीच्या कार्यक्रमातले एक वाक्यही सलग लागेना. गुरुजी त्याला एवढेच म्हणाले, “बाबा, तुझ्या वस्तूला दिवसाउजेडी विकायला शिक.” त्या आठवड्यापासून त्या भागातून पुन्हा कामे येऊ लागली. पुढे शहरातली गिऱ्हाइकेही परतली, पण कोणी येऊन आपले चुकले असे म्हटले नाही.

2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचे पाणी दुकानात शिरले, तेव्हा टेस्टिंग सेट आणि तारेची बंडले गेली. मिस्त्रीकाकांचे सोल्डरिंग आयर्न आणि पक्कड माळ्यावर असल्यामुळे वाचली. ती आजही वापरात आहेत.

सध्या आमचे बरेचसे काम एफएमचे आहे. कोल्हापूर केंद्राच्या 102.7 मेगाहर्ट्झसाठी साधारण 1.4 मीटर लांबीचा दांडा लागतो, आणि डोंगराआड असलेल्या घरी एरियल चार-पाच फूट बाजूला सरकवल्याने जेवढा फरक पडतो, तेवढा लहर वाढवणाऱ्या बूस्टरने पडत नाही. शहरात केंद्राजवळ बूस्टर लावला तर प्रबळ लहरीने तोच आवाज डायलवर भलत्या ठिकाणीही येतो.

घरी खरखर असेल तर आधी बॅटरीवरचा सेट घ्यावा आणि मेन स्विच बंद करून पाहावे. आवाज स्वच्छ झाला, तर दोष एरियलमध्ये नसून एलईडी दिव्यात किंवा मोबाइलच्या चार्जरमध्ये आहे, आणि त्यासाठी आम्हाला बोलावून पैसे खर्च करू नयेत. बाहेर लांब तार असलेल्यांनी वळवाआधी दुहेरी स्विच तपासावा. सेट बंद असताना तार थेट अर्थिंगला जोडलेली असली पाहिजे, आणि ढग गडगडू लागल्यावर त्या स्विचला हात लावण्यास जाऊ नये.