सुट्टे नाहीत

गुरुवार, रात्री साडेदहा

आज बंड्याला (हे खरं नाव नाही) पहिल्यांदा खऱ्या दुकानात नेलं. तेरा वर्षांचा आहे, ऑटिझम आहे, बेरीज-वजाबाकी वहीत एकदम चोख, पण दुकानात पाकीटच्या पाकीट काउंटरवर उपडं करतो.

जूनमध्ये मी व्यापारच्या खोट्या नोटांनी सुरुवात केली होती, ते फसलं. त्या नोटा त्याच्यासाठी त्या खेळाच्याच, खरी दहाची हातात दिली की जणू पहिल्यांदाच बघतोय. मग खऱ्याच आणल्या आणि लक्षात आलं की हा आकडा बघतच नाही, नोट उलटी करून मागचं चित्र बघतो. बरोबरच आहे म्हणा, पुढून सगळ्यांवर गांधीजीच! त्यामुळे आमच्याकडे दहा म्हणजे कोणार्क, वीस म्हणजे वेरूळ, पन्नास हंपी. जुनी केशरी दहाची आली तेव्हा मात्र भांडण, कारण तिच्यावर गेंडा, हत्ती, वाघ. दोन दिवस नुसतं 'कोणार्क आणि गेंडा सेम' खेळलो.

मग दुकान-दुकान. श्रीखंडाचा रिकामा डबा म्हणजे गल्ला, आणि नियम एकच, बरोब्बर पैसे मोजत बसायचं नाही, वरची नोट द्यायची आणि हात पुढे ठेवायचा. आठला दहा, तेराला वीस. हरणं-जिंकणं ठेवलंच नाही, कारण हरला की अर्धा तास टेबलाखाली.

तर आज कोपऱ्यावरचा वाणी. खोडरबर आणि पेन्सिल मिळून आठ रुपये. बंड्याने कोणार्क दिली, हात पुढे ठेवला, मी मनातल्या मनात नाचतेय, आणि काकांनी हातावर दोन चॉकलेटं ठेवली. सुट्टे नाहीत म्हणे. बंड्याने ती परत ठेवली, हात तसाच. "घे रे बाळा, गोड असतंय." परत ठेवली. मागे माणसं खोळंबली, याने कानावर हात घेतले, हुंकार सुरू झाला, मी त्याला घेऊन पायरीवर बसले.

चुकला कुठे तो? आपण सगळे मुकाट घेतो ती चॉकलेटं, माझ्या पर्सच्या तळाशी आत्ताही चार चिकटलेली सापडतील. चूक माझ्या गल्ल्याची, त्यात कायम सुट्टे असायचे. त्याची आई म्हणते कशाला हा खटाटोप, सगळं यूपीआयवर होतं. होतं, पण स्कॅन केल्यावर हातातून काय गेलं ते याला दिसत नाही ना.

दुपारी डब्यात चॉकलेटं भरली आणि कार्डावर वाक्य लिहून दिलं, "चॉकलेट नको, दोन रुपये द्या." चौथ्या वेळी कार्ड न बघता म्हणाला, स्पष्ट. मग मी बरोब्बर दहाची वही विकली, त्याने कोणार्क दिली आणि म्हणाला, "चॉकलेट नको, दोन रुपये द्या." मला हसू आवरेना. तो हसला नाही, हात पुढे तसाच.