नवव्या मात्रेवरचा हात

सोमवार, रात्री साडेदहा

आज आंघोळीच्या वेळी आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, एकदाही माझा हात झटकला नाही. डोळ्यांवर झोप आहे, पण हे आजच्या आजच लिहून ठेवायचंय.

आईंना अल्झायमर आहे, विसरण्याचा आजार. गेले पाच महिने सकाळचे नऊ वाजत आले की माझ्या पोटात गोळा येतो. पाण्याचा पहिला तांब्या अंगावर पडला की आई किंचाळतात, माझं मनगट घट्ट धरतात, कधी ओरबाडतात. कुणीतरी परकी बाई आपले कपडे काढतेय असंच त्यांना वाटत असणार. त्या तरी काय करतील? मला राग येत नाही असं मात्र नाही. येतो, आणि मग दिवसभर त्या रागाचीच लाज वाटत राहते.

आज मी पाण्याला हातच लावला नाही. त्यांच्यासमोर स्टुलावर बसले आणि मांडीवर तीनताल धरला, सोळा मात्रांचा. तोंडाने भूप रागाचे स्वर, अगदी हलके. सा रे ग, प ध सां. त्या भिंतीकडे बघत होत्या. तिसरं आवर्तन झालं, चौथं झालं, आणि त्यांचा उजवा हात मांडीवरून उचलला गेला. समेला, म्हणजे पहिल्या मात्रेला, टाळी. पाचव्या मात्रेला टाळी. नवव्या मात्रेला तळवा अलगद उलटला, आभाळाकडे. खाली, म्हणजे तालातली बिनटाळीची जागा! तेराव्याला परत टाळी. नातीचं नाव आठवत नाही, दुपारी जेवलो की नाही ते आठवत नाही, पण खाली चुकली नाही.

मग मी समेवर पाणी ओतायला लागले. एक तांब्या खांद्यावर, पुढच्या समेला पाठीवर. साबण लावताना एकदा माझी सम हुकली, तर मान वळवून त्यांनी माझ्याकडे बघितलं. तीस वर्षं ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या मुली घरी गाणं शिकायला यायच्या, त्यांच्यातली एखादी चुकली की बघायच्या ना, अगदी तसं. ती नजर मी किती दिवसांनी पाहिली.

बुधवार, दुपारी

आई झोपल्यात. आधी आमचं काय चुकत होतं तेही लिहायला हवं.

गाणं आईंना आवडतं, मग लावून ठेवू, असं आम्ही ठरवलं. स्पीकर आणला आणि सकाळपासून भजनं सुरू. पहिला आठवडा बरा गेला. नंतर दुपार कलली की आई येरझाऱ्या घालायला लागल्या, पदराची टोकं पिळायला लागल्या, आणि एक दिवस स्पीकरवर पातेलं आपटलं. आजार वाढला, असंच आम्ही धरून चाललो. त्यांच्या कानात मशीन आहे. कुकरची शिट्टी, टीव्ही, भांडी, भजन, सगळं त्या मशीनमधून एकदमच कानावर आदळतं. त्यातून हवं ते निवडून घ्यायचं काम मेंदू करतो, आणि त्यांचा मेंदू आता दमलाय. हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

अंगाईची चूक तर माझीच. एका रात्री त्यांना झोप येईना, म्हणून मी पाळणा म्हटला. त्या तटकन उठून बसल्या. ‘बाळ कुठंय?’ पहाटे तीनपर्यंत प्रत्येक खोलीत बाळ शोधत होत्या, आणि ते बाळ, म्हणजे आमचे हे, छप्पन्न वर्षांचे, त्यांचा हात धरून मागोमाग फिरत होते. ‘आई, मीच आहे गं’ म्हणून काही उपयोग होत नव्हता.

पुण्याला संगीतोपचाराचं काम करणाऱ्या एका ताईंशी भाचीने व्हिडिओ कॉलवर गाठ घालून दिली. त्यांनी सुरुवातीलाच विचारलं, ‘कोणतं गाणं म्हणायचं नाही, ते माहीत आहे का तुम्हाला?’ हे मला कुणीच विचारलं नव्हतं. त्यांचं म्हणणं, गाणी लावणं वेगळं आणि उपचार वेगळा. आधी माणूस समजून घ्यायचा: दहा ते तिशीपर्यंत त्याच्या कानावर काय पडलं, हात कशात घोटला गेला, कशाने तो बिथरतो. मग थोडाच वेळ, समोर बसून, डोळ्यांत बघून. तो अस्वस्थ असेल तर आधी त्याच्याच लयीत गायचं, एकदम संथ नाही. तो बरोबर आला की मग लय हळूहळू उतरवायची. आणि रोज टिपून ठेवायचं. ही वही त्यातूनच सुरू झाली.

मी मग आमच्या डॉक्टरांनाही विचारलं, हे खरंच आहे की मनाची समजूत? त्यांनी नीट बसून सांगितलं. अल्झायमर मेंदूच्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात लवकर शिरतो. नवी आठवण तिथे बांधली जाते, म्हणून आत्ताचं जेवण विसरायला होतं. हाताला वळण पडून गेलेल्या गोष्टी, सायकल, विणकाम, ताल, या मेंदूत दुसरीकडे राहतात आणि जास्त टिकतात. जर्मनीत लाइपझिगच्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं की फार जुनं, ओळखीचं संगीत मेंदूच्या ज्या भागांत साठतं, ते या आजारात बाकीच्यांच्या मानाने कमी झिजतात. पण डॉक्टरांनी लगेच हेही बजावलं की गाण्याने स्मरणशक्ती परत येत नाही. २०१८ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेने अशा बऱ्याच चाचण्या एकत्र तपासल्या; उदासी कमी होते असं दिसलं, बुद्धीत मात्र फारसा फरक नाही. मला ते ऐकून वाईट वाटलं नाही, उलट हायसं वाटलं. त्यांना माझं नाव आठवावं म्हणून गायचं नसेल, तर दर वेळी हरल्यासारखंही वाटणार नाही.

देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे म्हणे. एवढ्या घरांत एवढ्या आंघोळी. शिकवणारी माणसं किती कमी आहेत!

शनिवार, रात्री

आज एक वेगळंच सुचलं. शब्दांची गाणी आईंना आता जड जातात. अंतऱ्यात शब्द सापडला नाही की चेहरा कसनुसा होतो, आणि त्या गाणंच सोडून देतात. म्हणून आज तराणा धरला. ता ना दे रे ना, दीम तनन. त्यात अर्थ नसतो, म्हणजे विसरण्यासारखंही काही नसतं! आई तर ग्वाल्हेरच्याच गायकीत वाढलेल्या. माधव संगीत महाविद्यालयात शिकल्या, ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांच्या आश्रयाने संगीतपंडित भातखंड्यांनी १९१८ साली सुरू केलेल्या. तिथला तराणा अंगात मुरलेला. माझा आवाज सामान्य, मी कधी शिकले नाही, लग्नानंतर स्वयंपाकघरातून कानावर पडलं तेवढंच. तरी मी म्हटलं. दुसऱ्या ओळीला त्यांनी मला थांबवलं, हाताने ‘वर जा’ अशी खूण केली, आणि स्वतः तार षड्ज, वरचा सा, लावला. आवाज चिरकला, पण स्वर जागेवर होता. आमचे हे दारात उभे राहून ऐकत होते. बोलले काहीच नाहीत, आत जाऊन तोंड धुऊन आले.

जेवताना वरणभात पोटभर गेला. मग मला म्हणाल्या, ‘अक्का, उद्या क्लास आहे ना गं?’

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. पूर्वी मी म्हणायचे, ‘नाही आई, मी तुमची सून,’ आणि त्या कावऱ्याबावऱ्या व्हायच्या. आज म्हटलं, ‘हो, चार वाजता.’

‘तंबोरा जुळवलास?’

‘जुळवते.’

त्या झोपल्यावर कपाटावरचा तंबोरा खाली काढला. गवसणीवर बोटभर धूळ होती. खुंट्या फिरतायत, भोपळा शाबूत आहे, पण पंचमाची तार तुटलीय. उद्या चारच्या आत बाड्यावरच्या बाजारात जाऊन आणायची.