डोमच्या चढावर तुटलेला हँगर

फ्रान्सच्या दॉर्दोन्य भागात सायकलगटाबरोबर मेकॅनिक म्हणून जाणाऱ्याला लोक म्हणतात, काय मजा आहे राव. मजेचा हिशोब असा: आठ सायकली विमानाच्या खोक्यांतून काढून रात्रीत जोडायच्या, दिवसभर व्हॅन घेऊन मागे राहायचं आणि बारा ते दोन गावातली बहुतेक दुकानं बंद असतात हे रोज नव्याने सांगायचं. पाण्याची मात्र चिंता नाही. तिथे जवळजवळ प्रत्येक गावाच्या कब्रस्तानात नळ असतो, आणि जुने सायकलवाले तिथेच बाटल्या भरतात. वर ‘ओ नॉं पोताब्ल’ अशी पाटी नाही ना, एवढं बघायचं. पाटी असेल तर ते पाणी पिण्याचं नाही.

सप्टेंबरअखेरचा रविवार होता, राइडचा पहिला दिवस. सार्लाहून जुन्या रेल्वेमार्गावरच्या सायकलवाटेने कार्साक, मग मॉंफोर, वित्राक, पूल ओलांडून सेनाक आणि तिथून वर डोम. सोपा दिवस. त्या सुमारास अक्रोड पिकलेले असतात आणि बागांच्या कडेने रस्त्यावरही पडलेले असतात. तेवीस-पंचवीस मिलिमीटरच्या टायरखाली अख्खा अक्रोड आला तर हँडल हलतं, म्हणून सगळ्यांना अठ्ठावीसचे टायर आणायला सांगितलं होतं. ते सगळ्यांनी ऐकलं.

डोम नदीपासून दीडएकशे मीटर उंच कड्यावर आहे. 1281 साली तिसऱ्या फिलिप राजाने वसवलेलं तटबंदीचं गाव. चढ लांब नाही, पण शेवटी वळणांवर लोक सीटवरून उठतात. नाशिकच्या एक ताई तशाच उठल्या. चेन मागच्या सगळ्यात मोठ्या, बत्तीस दात्यांच्या चक्रीवर होती. कचकन आवाज झाला आणि मागचं चाक जाम. मी पोचलो तेव्हा डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रीवरून दुसरीवर नेणारा भाग, चेनला लोंबकळत होता, हँगरचे दोन तुकडे झाले होते, एक स्पोक तुटला होता आणि दोन खरवडले होते.

हँगर म्हणजे फ्रेम आणि मागचा डिरेलर यांच्यामधली ॲल्युमिनियमची बोटभर पट्टी. ती मुद्दाम मऊ ठेवतात. सायकल उजव्या अंगावर पडली की ती वाकावी किंवा मोडावी, पण फ्रेम वाचावी. ती आत वाकली की डिरेलरचा खालचा पिंजरा चाकाकडे कलतो. स्टँडवर, वजन नसताना, पिंजरा आणि स्पोक यांच्यात दोन-तीन मिलिमीटर उरतातही. पण चढावर माणूस उभा राहून जोर लावतो तेव्हा चाक लवतं आणि ते अंतर संपतं. पिंजरा एका स्पोकमध्ये अडकला की चाक त्याला वर ओढून नेतं, आणि अर्ध्या फेऱ्यात सगळं संपतं.

ताईंनी पिशवीतून सुटा हँगर काढला. आणायला मीच सांगितलं होतं. तो त्यांच्या फ्रेमचा नव्हता. दिसायला तसाच, पण स्क्रूची दोन भोकं साडेतीन-चार मिलिमीटरने चुकीची. हँगरचे आकार शेकड्याने आहेत आणि दुकानदार फोटो बघून ‘हाच बसेल’ म्हणतो. 2019 पासून एकाच मापाचा सार्वत्रिक हँगर आला, पण तो ज्या फ्रेमला बसतो तिथेच बसतो. ताईंची फ्रेम त्याआधीची. सुटा भाग घरी एकदा लावून बघा, हे मी यादीत लिहिलं नव्हतं.

व्हॅन होती. सायकल टाकायची आणि निघायचं, एवढं सोपं होतं. पण ही ब्रेव्हे, म्हणजे ठरल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राइड, करणारी माणसं. दोनशे, तीनशे, सहाशे किलोमीटर, वाटेत बाहेरची मदत घ्यायची नाही, हे अंगात मुरलेलं. ताई म्हणाल्या, “दादा, एका गिअरवर करून द्या. उरलेला रस्ता नदीकाठचाच आहे ना?” मला नाही म्हणता आलं असतं. पण खरं सांगायचं तर असलं काम करायला हात शिवशिवतात.

व्हॅनमधलं सुटं मागचं चाक लावलं. त्यावर अकरा-तीसची कॅसेट होती, म्हणजे अकरा ते तीस दात्यांच्या चक्र्यांचा संच. गिअरची केबल सोडली, डिरेलर उतरवला. आता चेन कापायची. इथे दोन गोष्टी लोक चुकतात. पहिली: चेनची दोन्ही टोकं आतल्या पट्ट्यांची हवीत, तरच क्विक लिंक, म्हणजे चेन जोडायची सुटी कडी, बसते, म्हणून लांबी पूर्ण इंचानेच बदलते. चाक बसतं तो फ्रेमचा खाचा उभा असल्याने चाक मागे ओढून ताण देता येत नाही. मग ताण कुठून आणायचा? चक्री बदलून. दात्यांची बेरीज दोनने वाढली की चेनची गरज अर्ध्या इंचाने वाढते. पुढची चौतीस दात्यांची चक्री धरून मागे एकोणीसवर चेन लोंबत होती, चोवीसवर जोडली जात नव्हती, एकवीसवर सेंटिमीटरभर झोल राहिला. एकवीस.

दुसरी चूक जास्त महाग. आजच्या चक्र्यांच्या दात्यांना चेन वर चढावी म्हणून घळी कोरलेल्या असतात. डिरेलर नसला तरी त्या आपलं काम करतातच. चेनची रेष जरा तिरकी असली की जोर लावताना ती शेजारच्या मोठ्या चक्रीवर चढते, आणि तिथे तिला लांबी पुरत नाही. वीणेच्या तारेसारखी ताणली जाते. त्यात फ्रीहबचा, म्हणजे चक्र्या ज्यावर बसतात त्या भागाचा, जीव जाऊ शकतो. म्हणून ताईंना बजावलं: आवाज बदलला की पाय थांबवा, उठून मारू नका, चढाला उतरा.

सगळं मिळून चाळीस मिनिटं. ताईंनी उरलेला चढ सायकल ढकलत केला आणि कड्यावरून दॉर्दोन्यचं वळण बघितलं. मग खाली येऊन सेऊ नदीच्या खोऱ्यातून कास्तेलनो. इंग्लंड-फ्रान्सच्या शतवार्षिक युद्धात समोरासमोर उभे असलेले कास्तेलनो आणि बेनाक हे दोन किल्ले तिथून एकदम दिसतात, आणि बाकीचे फोटोत गुंतले होते. ताई गावाकडच्या छोट्या उठावावर आल्या आणि मला लांबूनच कट् असं ऐकू आलं. त्यांनी लगेच पाय थांबवले. चेन चोवीसवर, घट्ट. एरवी पोरं अजून दोन पायडल मारून बघतात. मी काही न बोलता सायकल व्हॅनमध्ये घेतली. त्याही काही बोलल्या नाहीत.

नंतर ताईंनी विचारलं, “रात्री बघितलं होतंत ना सगळं?”

“बघितलं होतं,” मी म्हणालो.

बघितलं होतं म्हणजे काय, ते लिहायला हवं. शनिवारी रात्री अकरा वाजले होते. हँगर सरळ आहे का हे तपासायचा दांडा माझ्याकडे असतो. डिरेलरच्या भोकात फिरवून बसवायचा आणि रिमच्या चारही बाजूंना त्याचं टोक किती दूर आहे ते मोजायचं. पाच मिनिटांचं काम. पाच सायकली मोजल्या. ज्यांच्या खोक्यांवर खड्डे होते त्या आधी, मग मऊ पिशव्यांतल्या. ताईंची कडक पेटी नवी कोरी, एक ओरखडा नाही, म्हणून ती शेवटच्या तिनांत राहिली. पण डिरेलर न उतरवता सायकल त्या पेटीत उजव्या अंगावर दाबून भरली होती. पेटीला काही झालं नाही, कारण सगळा दाब हँगरने घेतला. ही कडक पेट्यांची मोठी फसवणूक आहे.

मी गिअर लावले तेव्हा मधल्या चक्र्यांवर घरघर होती. विमानातून आलेल्या सायकलीला केबलचा ताण बदलायचा बॅरल अर्धा वेढा फिरवला की पुरतं. हिला अडीच वेढे लागले. अडीच. डिरेलरला स्पोककडे जाण्यापासून अडवणाऱ्या एल स्क्रूचीही परीक्षा केली, हाताने डिरेलर ढकलला, चेन स्पोककडे गेली नाही. ताई म्हणाल्या, “छान पडतायत गिअर, झोपा आता.” मी झोपलो.

सोमवारी सार्लातली दुकानं बंद. मंगळवारी ताईंना भाड्याची सायकल मिळाली आणि त्यांनी आठवडा पूर्ण केला. सोमवारी रात्री मी उरलेल्या दोन सायकली मोजल्या. एकीचा हँगर रिमपाशी सहा मिलिमीटरने आत होता, आणि तिचे मालक दिवसभर सांगत होते की गिअर लोण्यासारखे चालतात.

मोडलेला हँगर मी भिंगाखाली धरला. तुटलेल्या जागेचा मोठा भाग दाणेदार, चकचकीत. पण एका कडेला, तांदळाच्या दाण्याएवढी, काळपट पट्टी आहे. तडा जुना असेल तर धातू असा काळवंडतो. मग तो विमानात पडला की आधीच नाशिकला, कळायला मार्ग नाही. दांडा लावून सरळ करायला गेलो असतो तर शनिवारी रात्रीच माझ्या हातात तुटला असता. पण मग तो हॉटेलच्या अंगणात तुटला असता, माझ्या हातात, चढावर त्यांच्या पायाखाली नाही. ताईंना हे अजून कळवलेलं नाही. फोटो काढून ठेवलाय.