सहा महिन्यांचा मालक

भाड्याचं घर सोडायचं तर टेम्पो बोलावला की झालं. पण तेच घर सहा महिन्यांपुरतं बाजूला ठेवायचं म्हटलं की पंचाईत होते. मुलीच्या बाळंतपणाला न्यू जर्सीला जायचं ठरलं. व्हिजिटर व्हिसावर एका वेळी साधारण सहा महिने राहू देतात, आणि तेवढे महिने इकडे धुळ्यात, देवपुरातल्या बंद फ्लॅटचं भाडं चालूच. सोडावा, तर ज्वारीची कोठी, मांड्यांचं खापर, कूलर, दोन पिढ्यांची पातेली ठेवायची कुठे?

भाच्याच्या ओळखीतून एक मुलगा मिळाला. साताऱ्याहून बदली होऊन बँकेत आलेला, लग्न व्हायचंय. बिनलग्नाच्या पोराला घर देताना आपल्याकडे लोक मुलगी देताना करत नाहीत एवढी चौकशी करतात. घरमालक आबांनी मात्र एकच विचारलं, "पोऱ्या कसा शे?" चांगला आहे म्हटलं. "मंग जा बिनघोर."

आबांचं एवढ्यावर भागलं, माझं भागेना. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २६ म्हणतं, करारात मुभा नसेल तर भाडेकरूला घर पोटभाड्याने देता येत नाही. दिलंच, तर कलम १६ प्रमाणे घर खाली करून घ्यायला मालकाला तेवढं कारण पुरतं. आमच्या अकरा महिन्यांच्या करारात तर 'दुसऱ्या कोणास राहावयास देऊ नये' असं स्वच्छ लिहिलेलं. गल्लीत कोणी विचारत नाही हे खरं, पण वाजलं की तोंडी शब्दाला कोण विचारतो? आबांकडून लेखी संमती घेतली, करार नोंदवला, मुलाचे कागद पोलीस ठाण्यात दिले. आबा प्रत्येक सहीला हसत होते.

गंमत पुढेच. इतकी वर्षं मालकाच्या सूचनांना नाकं मुरडली आणि स्वतः सूचना लिहायला बसलो तर वहीची पानं संपेनात. भिंतीला खिळा ठोकू नये (हा नियम आबांचा, आम्ही कधी पाळला नाही). पाणी रोज येत नाही; आलं की आधी पिण्याचं भरावं, मग मोटर लावावी, दिवस चुकला तर हात चोळत बसावं. कूलरचा पंप अडकला तर वरून टपली मारावी, पण टाकीत पाणी नसताना तो चालवू नये. वैशाखात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी थेट अंगावर घेऊ नये, पोळतं. हे शेवटचं सातारकराला थापच वाटली. खान्देशातला पहिलाच उन्हाळा त्याचा.

इथे न्यू जर्सीत रात्रीचे साडेआठ वाजले की तिकडे सकाळचे सहा. नातीला मांडीवर घेऊन हिचं सुरू, "आज पाण्याचा दिवस, उठला असेल ना तो?" मी फोन लावतो. तो उठलेला असतो, टाकी भरलेली असते, आवाजात थोडा कंटाळा असतो. एक तारखेला त्याचे पैसे येतात, ते तसेच आबांना जातात. मधे रुपया राहत नाही, तरी विचारपूस मालकाच्या वर.

परवा त्याच्या आईचा फोन आला. त्या आल्यात म्हणे राहायला, आणि शेजारणींनी त्यांना बिबड्यांना, म्हणजे आमच्याकडच्या ज्वारीच्या पापडांना, बसवलंय. माळ्यावरचं मोठं पातेलं काढलं तर चालेल का?

"घ्या की, विचारता काय!" ही म्हणाली. फोन ठेवला आणि माझ्याकडे वळली. "पातेलं मागितलं, जुनी साडी नाही मागितली. बिबडे घालणार कशावर?"

पुन्हा फोन लावला.