प्रोजेक्टच्या वहीतलं चाचणीआधीचं पान

इंजिनिअरिंगच्या फायनल इयरच्या प्रोजेक्टमध्ये यंत्र चालतं का, हे सगळे तपासतात. आपल्याला काय समजलंय हे तपासणारे गट थोडे. शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ बॅरी झिमरमन यांनी स्वतःच्या शिकण्यावर ताबा ठेवण्याचे तीन टप्पे सांगितले: आधीची आखणी, काम करताना ठेवलेलं लक्ष, नंतरचं परीक्षण. पहिला आणि तिसरा टप्पा आपल्याकडे सर्रास गळतो.

उसाचं एक डोळा बेणं (लागणीसाठी एकेक डोळ्याचे तुकडे) तोडणारं यंत्र घ्या; कोल्हापूरला शोभणारा विषय. विषय मंजूर झाला की लगेच कॅड (संगणकावर ड्रॉइंग करायचं सॉफ्टवेअर) उघडू नका. आधी ऊस कापायला किती बळ लागतं ते मोजा. पातं तरफेला बांधा, टोकाला वजनं वाढवत न्या, वेगवेगळ्या जाडीचे दहा-बारा ऊस कापा. कांडीवर वेगळं आणि गाठीजवळ वेगळं मोजा, कारण गाठ जास्त टणक असते.

मग चाचणीआधीचं पान लिहा. अर्ध्या एचपीची, १४४० आरपीएमची मोटर सुमारे २.५ न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचं बळ) देते. १:१० रिडक्शनने, म्हणजे गिअरने वेग दहापट कमी केला तर, कागदावर २५, प्रत्यक्षात त्याहून कमी. आपल्याला किती लागेल, हा अंदाज कशावरून केला आणि त्याची खात्री किती टक्के, हे तारखेसह लिहा. चाचणी झाल्यावर शेजारी खरा आकडा. फरक पडला तर कारण शोधा: गणित चुकलं, गृहीतक चुकलं, की बनवताना घोळ झाला? ‘मोटर कमी पडली’ हे कारण नव्हे, तो परिणाम आहे. आधी लिहिलेलं नसेल तर निकाल पाहिल्यावर ‘हे माहीतच होतं’ असंच वाटतं, आणि शिकायचं राहून जातं.

तिसरा, परीक्षणाचा टप्पा बेअरिंगवर हमखास सुटतो. ६२०४ बेअरिंगचा (आतलं भोक २० मिमी) शाफ्ट उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये टर्निंगला देताना ड्रॉइंगवर नुसतं ‘२० मिमी’ लिहिलेलं असतं. १९.९५ झाला तर आतली रिंग शाफ्टवर फिरते, २०.०५ झाला तर बेअरिंग हातोडीने ठोकलं जातं आणि बॉलचे खड्डे रेसवर (बॉल फिरतात त्या खाचेवर) उमटतात. माप किती कमी-जास्त चालेल ती टॉलरन्स, इथे के६ फिट, म्हणजे २० वर +०.००२ ते +०.०१५ मिमी, लिहायला हवी होती. गट नवा शाफ्ट करून घेतो आणि पुढे सरकतो. वहीत मात्र ‘फिट आणि टॉलरन्स कुणालाच येत नाही’ अशी नोंद हवी, आणि ते कोण शिकून बाकीच्यांना कधी सांगणार, हेही.

कॅड करणारा वर्षभर कॅडच करतो, ही आणखी एक अडचण. रिव्ह्यूच्या आदल्या दिवशी कामं बदला: कॅडवाल्याने टॉर्कचं गणित फळ्यावर मांडायचं, गणितवाल्याने असेंब्ली खोलून पुन्हा जोडायची. जिथे अडेल, तिथून पुढच्या आठवड्याची आखणी सुरू करा.