चार नटांत आवळलेली रॅकेट

जुन्या लाकडी टेनिस रॅकेटचे फोटो बघताना माझं लक्ष रॅकेट सोडून त्या प्रेसकडेच जातं. म्हणजे तो लाकडी सांगाडा, चार कोपऱ्यांना चार विंग नट, खेळून झालं की रॅकेट आत सरकवायची आणि नट गच्च आवळायचे. कारण लाकूड वाफेवर वाकवा नाहीतर वार्निशचे हात द्या, हवेतला ओलावा प्यायचं ते काही सोडत नाही, वरून गटिंगचा, म्हणजे आवळून विणलेल्या तारांचा ताण, मग रॅकेटचा पापड व्हायला कितीसा वेळ लागतो.

1874 मध्ये इंग्लंडात मेजर विंगफील्डने लॉन टेनिसचं पेटंट घेतलं त्या काळातल्या रॅकेटी तर मुळातच एका अंगाला कललेल्या असायच्या, राजेरजवाड्यांच्या भिंतीआडच्या जुन्या टेनिसमधून आलेला आकार तो, खाली राहिलेला बॉल उचलायला सोयीचा. आज संग्राहक शोधतात त्या ह्या. 1960-70 च्या दशकातल्या रॅकेटी मात्र इतक्या निघाल्यात की माळ्यावर एखादी सापडली तर लगेच हुरळून जाऊ नका.

सुरुवातीला अॅशच्या लाकडाची अखंड पट्टी वाकवून फ्रेम करायचे, नंतर पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवून. 1931 ची डनलॉप मॅक्सप्लाय त्यातलीच, अमेरिकेचा जॉन मॅकेन्रो 1981 ला विम्बल्डन जिंकला तो तीच घेऊन, पुरुषांमध्ये तिथे लाकडाचं ते शेवटचं विजेतेपद. आणि स्वीडनचा ब्यॉर्न बोर्ग! हा बाबा गटिंग 80 पाउंडाच्या आसपास ताणून घ्यायचा, आतड्याची तार ती, रात्री खोलीत नुसती ठेवलेली असली तरी तटकन तुटायची म्हणे.

मग 1976 मध्ये हॉवर्ड हेडने प्रिन्स कंपनीची मोठ्या तोंडाची अॅल्युमिनियम रॅकेट आणली आणि पाठोपाठ ग्रॅफाइट. हलकं, कडक, पावसाळ्याचं भय नाही. जिंकायला हवंच होतं ते, उगाच गळे काढण्यात अर्थ नाही. 1983 ला फ्रान्सच्या यानिक नोआने फ्रेंच ओपन लाकडावर मारली, पुढे ग्रँड स्लॅमच्या एकेरीत कुणालाच जमलं नाही.

बोर्ग मात्र हट्टी, निवृत्तीनंतर 1991 ला माँटे कार्लोच्या स्पर्धेत परत आला तो लाकडी रॅकेट घेऊनच. लोकांना त्यात फार रोमँटिक काहीतरी दिसतं, मला तर वाटतं त्याला हाताची सवय सोडवेना, बस. समोर स्पेनचा अरेसे. 6-2, 6-3, खेळ खल्लास.